इंग्लंडच्या रानात माग काढायला शिकतेय: पुलाखालचा हा ठसा कुणाचा?

जुन्नरची_लेक | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

रीडिंगला येऊन चार वर्षं झाली. इथे शेतांमधून पायवाटा जातात. जमीन खाजगी असली तरी त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना असतो. पहिली दोन वर्षं शनिवार-रविवार त्या वाटांनी मी नुसती चालत होते. मेंढ्या, पारवे, एखादी खार, बस. इथलं रान रिकामं आहे असं माझं पक्कं मत झालं होतं आणि त्याचं वाईटही वाटायचं. कारण मी वाढले ओतूरला. तिथे रिकामं असं काही नसायचं.

नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, रात्री वीज आली की उसाला पाणी धरायला जायचे. सकाळी मी डबा घेऊन गेले की पाटाच्या कडेची ओली माती दाखवायचे. "नखं दिसत्यात का बघ. दिसली तर कुत्रं. नाय दिसली तर बिबट्या." मग बांधाच्या वळणापर्यंत माग दाखवत न्यायचे आणि तिथून परत फिरवायचे. पुढे फड असायचा आणि फडात जायचं नाही हा नियम होता.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी इथे बर्फ पडला. नेहमीच्या वाटेवर गेले आणि थांबूनच राहिले. कुंपणाच्या कडेने धावदोरा घालावा तशी एका रेषेत पावलं गेली होती, शे-दोनशे फूट सरळ. पुढच्या पायाच्या ठशात मागचा पाय बरोबर पडलेला. खोकड! (इंग्रजीतल्या फॉक्सला आपण सरसकट कोल्हा म्हणतो, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड हा स्वतःचा चांगला शब्द आहे. तोच वापरूया ही विनंती.) मी दोन वर्षं ज्या वाटेने चालत होते तिच्यावरून रोज रात्री कुणीतरी चालत होतं.

तेव्हापासून शिकतेय. आतापर्यंत हाती लागलेलं थोडक्यात:

खोकड आणि कुत्रा दोघांचीही चार बोटं आणि नखं उमटतात, त्यामुळे नानांचा नियम इथे पुरत नाही. पण खोकडाचा ठसा अरुंद, शंकरपाळ्यासारखा. पुढची दोन बोटं इतकी पुढे असतात की ती आणि बाजूची दोन यांच्यामधून आडवी काडी ठेवता येते. कुत्र्याच्या ठशात काडी बोटांवर चढते. शिवाय कुत्रा मालकासोबत फिरायला आलेला असतो, इकडे हुंगतो, तिकडे धावतो. खोकड कामावर निघालेलं असतं.

बॅजर (बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा निशाचर प्राणी) सगळ्यात सोपा. पाच बोटं जवळजवळ एका ओळीत, मागे रुंद गादी, आणि पुढच्या पायाची लांब नखं बोटांपासून बरीच पुढे टोचलेली. काटेरी तारेच्या सगळ्यात खालच्या पदरात त्याचे केस अडकतात. टोकाला पांढरे, मधे काळे. चिमटीत धरून फिरवले तर अडखळत फिरतात, कारण केस गोल नसून चपटा असतो. खोकडाचा केस मऊ, तांबूस आणि सुळकन फिरणारा.

आता मदत हवी आहे ती अशी. केनेट नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर लहानसा विटांचा पूल आहे. पुलाखाली कडेला चिखलाचा पट्टा आहे. तिथे काल एक ठसा दिसला. चार बोटं, जवळजवळ गोल, रुंदी अंदाजे साडेसहा सेंटिमीटर. नखं अगदी पुसट. अंधार पडत होता, फोटो नीट आला नाही. कुत्रा म्हणावा तर मन मानत नाही.

कसबा_पेठ | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सुंदर लिहिलंय ताई. पण कुत्रा का नसावा? साडेसहा म्हणजे लॅब्रेडॉर असू शकतो, आणि तिकडे पाण्यात उड्या मारणारी कुत्री पुष्कळ. मला यातलं काही कळत नाही, खरंच विचारतोय.

सेव्हर्नकाठचा_सर्वेअर | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, ग्लॉस्टरशरमध्ये मी हेच काम पोटासाठी करतो. इथे घरं किंवा रस्ता बांधायच्या आधी त्या जागेवर कुठले संरक्षित प्राणी आहेत ते तपासावं लागतं. तो अहवाल लिहिणाऱ्यांपैकी मी एक. बारा वर्षं झाली. ठसा न बघता नाव सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगतो.

कसबा_पेठ, प्रश्न अगदी बरोबर आहे. सुरुवात कुत्र्यापासूनच करायची. इंग्लंडात चिखलातला कुठलाही ठसा आधी कुत्र्याचा धरायचा आणि मग तो कुत्रा नाही हे सिद्ध करायचं.

कुत्र्याच्या ठशाच्या मधून उभी रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू जुळते. पुलाखाली दुसरा संशय पाणमांजराचा (इंग्रजीत ऑटर). त्याचा ठसा कलता असतो, एका बाजूला ओढल्यासारखा. त्याला पाच बोटं आहेत, पण पाचवं आतलं बोट जमिनीवर हलकं टेकतं. कडक चिखलात ते उमटतच नाही आणि बघणारा चार मोजून घरी जातो. माझंही सुरुवातीला असं व्हायचं. पाचव्या बोटाची जागा शोधा, तिथे माती जराशी दबलेली असेल. बोटांच्या गाद्या थेंबासारख्या, टोकाकडे निमुळत्या. नखं आखूड, त्यामुळे बोटाच्या टोकाला नुसता टोचा.

पुलाखाली अजून एक संशयित असतो, अमेरिकन मिंक, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. फरसाठी पाळलेले निसटले आणि १९५६ मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर त्यांची रानात वीण होत असल्याचं पक्कं झालं. पण मिंकचं पाऊल तीन-चार सेंटिमीटरचं, चांदणीसारखं फाकलेलं. तुमचं माप बरोबर असेल तर मिंक बाद.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे पट्टी घेऊन जा. अंदाजे साडेसहा चालणार नाही. ठशाशेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. दुसरी गोष्ट उजेडाची. भर दुपारी ठसे दिसत नाहीत. आत्ता फेब्रुवारीत सूर्य दिवसभर खालीच असतो, त्याचा फायदा घ्या. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असं उभं राहा, मग कडांची सावली तुमच्याकडे पडते आणि सपाट वाटणारा चिखल उठून येतो. पुलाखाली ऊन नसेल तर टॉर्च जमिनीलगत आडवी धरा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: ठशाकडेच बघत बसू नका. पुलाखाली पाण्याबाहेर आलेले दगड असतील, कठड्याची बैठक असेल. त्यावर काही ठेवलंय का बघा. पाणमांजर आपली विष्ठा मुद्दाम उंचावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवतं. इथे तिला स्प्रेंट म्हणतात. ताजी काळी आणि डांबरासारखी, वाळली की राखाडी, आणि आत माशांचे खवले आणि बारीक काटे. हातमोजा घाला आणि वास घ्या. किळस वाटून घेऊ नका, ओळख वासानेच पटते. मिंकची असेल तर सडकी दुर्गंधी येते. पाणमांजराची असेल तर तुम्हाला स्वतःलाच कळेल.

ओढ्याला पूर असेल तर मात्र पुलाखाली अजिबात उतरू नका. एकटं असताना तर नाहीच.

ताडोबा_बफर | ९ फेब्रुवारी, दुपारी १:३० (भारतीय वेळ)

माझे बाबा चंद्रपूर भागात वनरक्षक होते, म्हणून लिहायची इच्छा झाली.

लहानपणी व्याघ्रगणना जवळून बघितली. आठवडाभर आधी पायवाटांवर बारीक माती चाळून पसरायची, ठसा नीट उमटावा म्हणून. मग ठशावर काच ठेवायची, वरून स्केचपेनने कड गिरवायची, ती कागदावर उतरवायची. शिवाय प्लास्टरचा साचा. आमच्या ओसरीवर असे साचे वाळत घातलेले असायचे. नराचा मागचा ठसा चौकटीत चौरस बसतो, मादीचा लांबट, हे मला सातवीतच पाठ होतं.

पुढे २००५ च्या सुमारास सरिस्कातले वाघ संपल्याचं उघड झालं आणि ठशांवरून वाघ मोजायची ती पद्धत मागे पडली, कॅमेरे आले. एकच वाघ ओल्या मातीत वेगळा ठसा उमटवतो, कोरड्या धुळीत वेगळा, हळू चालताना वेगळा, धावताना वेगळा. त्यावरून हा अमुकच वाघ म्हणणं धोक्याचं होतं. बाबांना ते लागलं होतं. पण ते एक वाक्य नेहमी म्हणत ते आजही पटतं: कोण गेलं, कधी गेलं आणि कुठे गेलं एवढं माती सांगते, किती आहेत ते मातीला विचारू नये.

ताई, "कधी" कडेही लक्ष द्या. बाबा अंगणात रोज आमचंच एक पाऊल उमटवून ठेवायला लावायचे. आज, उद्या, परवा, कडा कशा ढासळतात, त्यात पान कधी पडतं, मुंग्या कधी येतात ते बघायचं. तिकडे दव आणि बर्फ आहे, तिकडचा हिशेब वेगळा असेल. तुमच्या परसात करून बघा.

नकाशेवाला | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

मीही रीडिंगमध्येच आहे. त्या पुलाचं नेमकं ठिकाण टाकाल का? आम्ही चार-पाच कुटुंबं रविवारी मुलांना घेऊन जाऊ शकतो.

सेव्हर्नकाठचा_सर्वेअर | ९ फेब्रुवारी, रात्री ८:००

कृपया ठिकाण इथे टाकू नका. नकाशेवाला, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हे पान कुणीही वाचू शकतं.

बॅजरवर कुत्री सोडायचा क्रूर खेळ इथे १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला, तरी चोरून अजून चालतो. म्हणून १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा नुसत्या प्राण्याला नाही तर त्याच्या बिळालाही, म्हणजे सेटलाही, लागू आहे. बिळाला धक्का लावणं गुन्हा, आत प्राणी असताना त्याला त्रास देणं गुन्हा. पाणमांजराच्या विसाव्याच्या जागांनाही संरक्षण आहे. बीळ दिसलं तर लांबून बघायचं. आडवा पडलेला इंग्रजी डी असावा तसं तोंड, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि त्यात वाळलेल्या गवताचे पेंढे दिसले की समजायचं आणि निघायचं. नोंद करायची असेल तर मॅमल सोसायटीचं मोबाइल अ‍ॅप आहे, किंवा जिल्ह्याच्या वन्यजीव-नोंदणी केंद्राला कळवा.

बॅजरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट आहे. बॅजर हद्दीवर उथळ खड्डे करून त्यात विष्ठा टाकतात, वर माती ओढत नाहीत. कुठल्या बिळातल्या कुटुंबाची हद्द कुठवर आहे हे शोधायला संशोधक काय करतात? शेंगदाणे आणि पाक यांत रंगीत प्लास्टिकचे बारीक दाणे कालवतात. एका बिळापाशी लाल, दुसऱ्यापाशी निळे. मग आठ-दहा दिवस रानभर ते खड्डे धुंडाळायचे. कुठे कुठला रंग निघाला ते नकाशावर मांडलं की हद्द आपोआप उमटते. माझ्याच जिल्ह्यात वुडचेस्टर पार्कमध्ये १९७० च्या दशकापासून बॅजरचा अभ्यास चालू आहे. विद्यार्थी असताना दोन वसंत ऋतू मी असे खड्डे तपासले आहेत. निळा दाणा सापडला की होणारा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

नकाशेवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

पटलं. विनंती मागे घेतो. मुलांना घेऊन दुसरं काय करता येईल?

सरेची_आई | १० फेब्रुवारी, सकाळी ११:१०

मुलांसाठी मी सांगते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, आम्ही दोन गोष्टी केल्या.

एक म्हणजे हेझलनटची टरफलं. हेझलच्या झुडपाखाली बसायचं आणि कुरतडलेली टरफलं गोळा करायची. सरळ दोन तुकडे केलेले असतील तर खार. गोल भोक असेल तर भिंग घेऊन भोकाची आतली कड बघायची. कडेवर दातांच्या आडव्या खाचा असतील तर उंदीर किंवा व्होल (आखूड शेपटीचा उंदरासारखा प्राणी). आतली कड घासून घेतल्यासारखी गुळगुळीत आणि बाहेरून दातांचे तिरपे ओरखडे असतील तर डॉर्माउस! हा बोटभर सोनेरी प्राणी रात्री झाडावर फिरतो आणि हिवाळाभर झोपतो, दिसणं जवळपास अशक्य. त्याला किंवा त्याच्या घरट्याला हात लावायला परवाना लागतो, पण टरफलं शोधायला लागत नाही. १९९३ मध्ये इथे देशभर लोकांनी अशी टरफलं गोळा केली आणि त्यावरून डॉर्माउस कुठे शिल्लक आहेत ते कळलं. आम्ही दीडशेच्या वर टरफलं बघितली. डॉर्माउस एकही नाही. मुलगी म्हणते पुढच्या ऑक्टोबरला परत.

दुसरं म्हणजे हेजहॉगचा (अंगावर काटे असलेल्या छोट्या प्राण्याचा) बोगदा. जाड पन्हाळी प्लास्टिकच्या पत्र्याचा त्रिकोणी बोगदा करायचा, सव्वा मीटर लांब. मधे खाऊ (मांजराचं कोरडं खाणं), त्याच्या दोन्ही बाजूंना कोळशाची पूड खाद्यतेलात कालवून केलेली शाई, आणि दोन्ही टोकांना कोरा कागद. तेलामुळे शाई रात्रभर वाळत नाही आणि प्राण्याने चाटली तरी अपाय नाही. मागच्या जूनमध्ये पहिल्या तीन रात्री मांजर, चौथ्या रात्री उंदीर, पाचव्या रात्री लहान मुलाच्या हातासारखी इवली पावलं. तो कागद आम्ही फ्रेम करून लावलाय. आत्ता मात्र करू नका, हेजहॉग झोपलेले असतात. मेमध्ये करा.

कसबा_पेठ | १० फेब्रुवारी, दुपारी ३:००

फ्रेमचा फोटो टाकाच!

इन्व्हरनेसहून | १० फेब्रुवारी, रात्री ११:३०

स्कॉटलंडमधून हजेरी. इथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक सगळ्या रानात फिरायची मुभा आहे, त्यामुळे माग सापडला की पायवाट सोडूनही थोडं मागोमाग जाता येतं. इंग्लंडात ती सोय नाही, ताईंना कुंपणाशी थांबावं लागत असेल. (नानांनी वळणावरून परत फिरवणं आठवलं.)

गोचिडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वसंतापासून शरदापर्यंत गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चावलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरकडे जा, थांबू नका. मी थांबलो होतो आणि पुढे पाच-सहा महिने सांधे दुखत राहिले.

जुन्नरची_लेक | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:५०

मंडळी, आज परत जाऊन आले. नवऱ्याला सोबत नेलं. पाणी खाली होतं.

जुना ठसा गुरुवार रात्रीच्या पावसात विरघळला होता. पण त्याच्या हातभर पुढे नवे चार! कडा धारदार आणि आत पावसाच्या थेंबांचे खळगे नाहीत. आजूबाजूच्या चिखलावर, पुलाचं पाणी ठिबकतं तिथपर्यंत, खळगेच खळगे. म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचे, फार तर दोन रात्री जुने. ताडोबा_बफर, बाबांना सांगा.

टॉर्च आडवी धरली. दोन ठशांत चार बोटं. तिसऱ्यात आतल्या बाजूला एक हलका टोचा. चौथ्यात पाचही, स्पष्ट. मधली रेघ जुळत नाही, ठसा कललेला. रुंदी पट्टीने सहा पूर्णांक दोन. माझा आधीचा अंदाज थोडा जास्तच होता.

मग दगड बघितले. पुलाच्या खालच्या अंगाला एक सपाट दगड आहे, त्यावर बोटाच्या पेराएवढं काळं काहीतरी. खवले चमकत होते. गुडघ्यावर बसून वास घेतला. कसं सांगू? सुकट वाळत घातलीय आणि तिच्याशेजारी कुणीतरी मोगऱ्याची ओंजळ ठेवलीय, असा वास. घाण अजिबात नाही. नवऱ्यानेही घेतला आणि तो म्हणाला, गवती चहासारखा. दगडावर जुने राखाडी डागही होते. म्हणजे हा एकदाच येऊन गेलेला पाहुणा नाही.

तिथून काही उचललं नाही. तो कुणाचातरी निरोप आहे, आपण नेऊन कसं चालेल.

सेव्हर्नकाठचा_सर्वेअर | १५ फेब्रुवारी, रात्री ८:१०

पाणमांजर. शंका नाही. मनापासून अभिनंदन!

तुम्ही काय बघितलंत ते कळावं म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात डिल्ड्रिनसारखी कीटकनाशकं बियाण्याला आणि मेंढ्यांना लावायला लागले. ती नद्यांत उतरली, माशांत साठली आणि पाणमांजरं संपत गेली. १९७७ ते ७९ मध्ये इंग्लंडभर पहिली पाहणी झाली. पुलाखाली, दगडांवर, तुम्ही आज शोधलंत तसंच शोधून. शंभर ठिकाणी पाहिलं तर जेमतेम सहा ठिकाणी खूण मिळाली. ती रसायनं बंद झाली, १९७८ मध्ये इथली शिकार बंद झाली आणि हळूहळू एकेक नदी करत ती परत आली. २०११ मध्ये केंटमध्ये खुणा सापडल्या तेव्हा इंग्लंडचे सगळे जिल्हे पूर्ण झाले. त्या पाहण्यांत बहुतेकांना प्राणी दिसलाच नाही. सगळा इतिहास स्प्रेंट आणि ठशांवर लिहिलेला आहे.

नोंद नक्की पाठवा. तारीख, पट्टीसह फोटो, नकाशावरचा संदर्भ.

चोडणकार | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:२५ (भारतीय वेळ)

गोव्याहून लिहितोय. आमच्या चोडण बेटावर खारफुटीच्या कडेने मानशीजवळच्या (भरती-ओहोटीचं पाणी अडवायच्या दारांजवळच्या) बांधावर पाणमांजरांच्या पावलांचा नुसता सडा असतो. आमच्याकडच्या पाणमांजरांची जात वेगळी, ती कळपाने फिरते, त्यामुळे एकच ठसा असा मिळतच नाही, सगळा चिखल तुडवलेला. लहानपणापासून बघतोय पण पाचवं बोट कधी मोजलं नव्हतं. आज ओहोटीला जाऊन मोजलं. आहे.

जुन्नरची_लेक | १६ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

चोडणकार, तुमचा निरोप वाचून अंगावर काटा आला.

नोंद पाठवली. सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला आणि चारही ठशांचे फोटो दाखवले. ती चष्मा शोधायला गेली, फोन अगदी डोळ्यांजवळ धरला आणि पहिलं काय विचारलं असेल?

"नखं दिसत्यात का?"

परवा कोरडं असणार आहे. कामावरून लवकर निघून प्लास्टर घेऊन जाते. साचा जमला तर एक तिला ओतूरला पाठवायचा आहे.